परक्या भाटातले घर

इतिहास म्हटला की पेडणे-डिचोलीच्या वाचकांसमोर ताम्रपट, देवळे, सनदा, राण्यांची बंडे आणि सावंतवाडीकर भोसल्यांचे तहनामे उभे राहतात. ते स्वाभाविकच आहे. तथापि राजवटींना जसा इतिहास असतो तसा धंद्यांनाही असतो. जो धंदा आपल्या डोळ्यांदेखत जन्मला, भरभराटीस आला आणि मावळला, त्याचा इतिहास लिहून ठेवणे मात्र बहुधा राहूनच जाते. जे आपण पाहिले तो इतिहास आहे असे कोणास वाटत नाही, आणि तसे वाटू लागेपर्यंत साधने नाहीशी झालेली असतात.

आजच्या लेखासाठी आम्ही असाच एक विषय निवडला आहे. १९९९ साली मुंबईत स्थापन झालेल्या 'इंडियागेम्स' या मोबाईल फोनवरील खेळ बनवणाऱ्या कंपनीचा उदय आणि अस्त हा तो विषय होय. हा विषय नातवंडांचा, आपला नव्हे, असे काही ज्येष्ठ वाचकांस वाटेल. परंतु आमच्या दोन्ही तालुक्यांतील अनेक घरांतली मुले आज पुणे, मुंबई, बंगळूर येथे संगणकाच्या धंद्यात आहेत. काही जण गावात परतून स्वतःचा व्यवसाय उभारू पाहतात. त्यांनी कोणत्या जमिनीवर घर बांधावे हा प्रश्न केवळ त्यांचा नाही. आणि या कंपनीच्या कथेत असे बरेच काही आहे की जे भाटकार, मुंडकार आणि खाण हे तीन शब्द जाणणाऱ्या गोमंतकीयास इतरांपेक्षा लवकर उमगावे.

खेळांचा धंदा आपल्या परिसरास नवा नाही. पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगिजांकडे जाईपर्यंत ज्या सावंतवाडी संस्थानात होता, त्या सावंतवाडीस गंजिफांची मोठी परंपरा आहे. चितारी मंडळी हाताने रंगवून लाखेचे रोगण दिलेली गोल पाने तयार करीत. दशावतारी गंजिफेत विष्णूच्या दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येक संचात बारा पाने, अशी एकशेवीस पाने असतात. खेळ बुद्धीचा आणि स्मरणशक्तीचा. मात्र ही कला राजाश्रयावर व हौशी गिऱ्हाइकावर जगत होती. छापील बावन्न पानांचा स्वस्त जोड बाजारात आला तेव्हा गंजिफा मागे पडली. चिताऱ्याचे कसब कमी झाले नव्हते. खेळ लोकांपर्यंत ज्या वाटेने पोहोचत होता ती वाटच बदलली होती. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीच्या राजघराण्याने पुढाकार घेतला म्हणून ती कला टिकली. चिताऱ्याचे कसब आणि बाजाराची वाट हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील कथेचा सांधा तोच आहे.

भारतात मोबाईल फोनवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले; पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी हे साधन श्रीमंतांचे होते, आणि आलेल्या फोनसाठीही पैसे मोजावे लागत. १९९७ साली नोकिया कंपनीने आपल्या ६११० या फोनमध्ये 'स्नेक' हा सापाचा खेळ घातला. बोटभर पडद्यावर काळ्या ठिपक्यांचा साप धावे आणि खाद्य गिळून लांब होई. एवढ्याशा करमणुकीने एक गोष्ट सिद्ध केली की खिशातल्या फोनवर माणूस खेळतो. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने परवानाशुल्काचे ओझे हलके करून उत्पन्नातील हिश्श्याची पद्धत आणली, २००३ पासून येणारे फोन निःशुल्क झाले, आणि त्याच वर्षी रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन देण्याची 'मान्सून हंगामा' योजना काढली. श्रीमंतांची वस्तू रिक्षावाल्याच्या हाती आली. कोणत्याही धंद्यास लागणारे गिऱ्हाईक अशा रीतीने चार-पाच वर्षांत तयार झाले.

इंडियागेम्सचे संस्थापक विशाल गोंडल हे त्या वेळी विशीतले तरुण. कारगिल युद्धाच्या दिवसांत त्यांनी संगणकावरील एक छोटा खेळ रचून महाजालावर ठेवला, तो लोकांनी उचलून धरला आणि खेळांचा धंदा होऊ शकतो हे त्यांना दिसले. आरंभी काम होते ते मोठ्या कंपन्यांसाठी जाहिरातीचे खेळ बनवण्याचे. इन्फिनिटी या भारतीय गुंतवणूकदारांच्या गटाने प्रारंभीचे भांडवल घातले. मार्च २००० नंतर अमेरिकेतील शेअरबाजारात महाजाल-कंपन्यांचा फुगा फुटला आणि त्या वावटळीत आपल्याकडील पुष्कळ नव्या कंपन्या बुडाल्या. इंडियागेम्स तरली, कारण तिने संगणकावरून मोबाईलकडे मोर्चा वळवला. त्या घडीस हा निर्णय दूरदृष्टीचा होता.

येथे भांडवलाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. ज्याला व्हेंचर कॅपिटल म्हणतात ते साहस-भांडवल म्हणजे बँकेचे कर्ज नव्हे. त्यावर व्याज नाही, तारण नाही, हप्ता नाही. गुंतवणूकदार कंपनीचा हिस्सा घेतो आणि काही वर्षांनी तो हिस्सा अधिक किमतीस विकून बाहेर पडतो. दहा ठिकाणी पैसा घालावा, सात बुडावीत, दोन कशीबशी तगावीत आणि एकाने सगळे भरून काढावे, असा हा हिशेब असतो. सावकार ऋणकोने हप्ता भरावा एवढीच अपेक्षा करतो. साहस-भांडवलदाराला मात्र कंपनी लवकर मोठी होऊन विकली जायला हवी असते. म्हणून अशा कंपनीच्या जन्मपत्रिकेत विक्रीचा योग पहिल्या दिवसापासून असतो. विक्रीस अपयश म्हणावे की यश, हे कोणत्या बाजूने पाहतो त्यावर अवलंबून राहते.

आता हा धंदा प्रत्यक्षात चालत कसा असे ते पाहू. त्या काळच्या साध्या फोनवर जावा नावाच्या संगणकभाषेत लिहिलेले खेळ चालत. पुष्कळ फोनमध्ये एका खेळासाठी केवळ ६४ किलोबाइट इतकीच जागा मिळे. आजच्या फोनने काढलेले एक छायाचित्र त्याच्या कितीतरी पट जागा घेते. तेवढ्या जागेत चित्रे, आवाज आणि नियम बसवायचे. शिवाय प्रत्येक फोनच्या पडद्याचा आकार वेगळा, कळा वेगळ्या. त्यामुळे एकच खेळ शेकडो फोनांसाठी पुन्हापुन्हा बेतावा लागे. हे काम किचकट, माणूसबळ खाणारे आणि चिकाटीचे होते, आणि भारतात असे माणूसबळ स्वस्तात मिळत होते. पाश्चात्त्य कंपन्यांची कामे मुंबईस येऊ लागण्याचे हे एक प्रमुख कारण.

परंतु तयार झालेला खेळ विकायचा कोठे? फोनच्या पडद्यावर सेवादात्या कंपनीचे जे दुकान दिसे तेथेच. एअरटेल असो, हच असो वा रिलायन्स, ग्राहक त्या दुकानात शिरून खेळ घेई आणि किंमत त्याच्या बिलातून अथवा भरलेल्या पैशांतून वळती होई. दुकानाच्या दर्शनी फळीवर कोणता खेळ मांडावा हे सेवादाता ठरवी, आणि विक्रीच्या रकमेतील निम्म्याहून अधिक वाटा सामान्यतः त्याच्याकडेच राही. खेळ रचणाऱ्यास उरलेल्यात भागवावे लागे, आणि त्यातूनही प्रसिद्ध चित्रपटाचे वा नायकाचे नाव वापरल्याबद्दल मूळ मालकास मोबदला द्यावा लागे.

आमच्या वाचकांस हा संबंध ओळखीचा वाटला असेल. भाटकाराच्या भाटात मुंडकार घर बांधतो. भिंती त्याच्या, घाम त्याचा, तुळशीवृंदावनही त्याचेच. पण जमीन भाटकाराची. भाटकार भला असेल तर पिढ्या सुखाने जातात. त्याच्या मनात आले, किंवा भाट दुसऱ्याच्या हाती गेले, की घराचे काय होईल याची शाश्वती नाही. म्हणूनच १९७५ साली गोव्याच्या विधानसभेला मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला आणि राहत्या घराची जागा विकत घेण्याचा हक्क द्यावा लागला. इंडियागेम्स ही सेवादात्यांच्या भाटातली मुंडकार होती. घर उत्तम होते, परंतु ते परक्या जमिनीत होते.

तरीही भरभराट झाली. २००४ च्या अखेरीस बीजिंगच्या टॉम ऑनलाइन कंपनीने इंडियागेम्सचा ८०.६ टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले आणि २००५ च्या आरंभी व्यवहार पुरा झाला. किंमत होती सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलर. टॉम ऑनलाइन ही हाँगकाँगचे उद्योगपती ली का-शिंग यांच्या समूहाशी संबंधित टॉम ग्रुपची कंपनी. त्याच वर्षी सिस्को आणि मॅक्रोमीडिया या अमेरिकन कंपन्यांनीही इंडियागेम्समध्ये पैसा घातला. मुंबईतल्या तरुण मुलांच्या कंपनीस चीन आणि अमेरिका या दोहोंकडून भांडवल मिळावे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

हीच वर्षे डिचोली तालुक्यास वेगळ्या कारणाने स्मरणात आहेत. चीनमधील पोलादाच्या कारखान्यांनी गोव्याचे कमी प्रतीचे खनिजही उचलण्यास सुरुवात केली, टाकाऊ म्हणून बाजूस सारलेल्या ढिगांना भाव आला, रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा लागल्या आणि मांडवीत बार्जांची दाटी झाली. २०१०-११ साली गोव्याची निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली. पुढे १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य शासनाने आणि लगोलग ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. ट्रक घराच्या दारात उभे राहिले आणि बँकेचे हप्ते मात्र चालू राहिले. खनिज आणि खेळ यांत साम्य नाही असे वरवर वाटते. परंतु दोन्हींत मागणी दूरदेशीची होती, भाव दुसऱ्याने ठरवला जात होता आणि परवाना तिसऱ्याच्या हातात होता. या तिन्हींपैकी काहीही बदलले की गावात काय होते, हे डिचोलीकरांस कोणी शिकवावयास नको.

टॉम ऑनलाइनचे चीनमध्ये जे झाले तेही येथे नोंदवले पाहिजे. २००६ साली चिनी शासनाने आणि चायना मोबाईल या सेवादात्याने नियम कडक केले. ग्राहकाने दोनदा होकार दिल्याखेरीज मोबाईलवरील सशुल्क सेवा सुरू करू नये, आधी काही काळ ती विनामूल्य द्यावी, असे ते नियम होते. ग्राहकांच्या नकळत पैसे कापले जाण्याच्या तक्रारी असल्यामुळे नियम न्याय्यच होते. टॉम ऑनलाइनचे उत्पन्न मात्र ढासळले आणि २००७ साली ती कंपनी शेअरबाजारातून काढून घेण्यात आली. त्याच वर्षी इंडियागेम्समधील बहुसंख्य हिस्सा रॉनी स्क्रूवाला यांच्या यूटीव्हीकडे आला. भाट दुसऱ्याच्या नावावर झाले. मुंडकार तोच राहिला.

यूटीव्हीच्या काळात इंडियागेम्सचे नाव सर्वाधिक गाजले. क्रिकेटचे खेळ लोकप्रिय होतेच. ब्रूस लीच्या नावाचा खेळ, 'बायोशॉक' या अमेरिकेत गाजलेल्या खेळाची साध्या फोनसाठी केलेली आवृत्ती, २०११ साली 'रा.वन' चित्रपटावरील खेळ, अशी कामे येथून बाहेर पडली. संगणकावर ठरावीक मासिक वर्गणीत अनेक खेळ देणारी 'गेम्स ऑन डिमांड' ही योजनाही कंपनीने ब्रॉडबँड सेवादात्यांमार्फत चालवली. खेळाचा एक स्वतंत्र व्यवसाय असतो, त्यात चित्रकार, संगीतकार, गणिती आणि कथाकार लागतात, आणि त्यातून चरितार्थ चालतो, हे मध्यमवर्गीय पालकांस पटवून देण्याचे मोठे श्रेय या कंपनीस दिले पाहिजे.

परंतु जमीन सरकू लागली होती. जुलै २००८ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या फोनसाठी ॲप स्टोअर उघडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गूगलने अँड्रॉइड फोनसाठी आपले दुकान थाटले. या दुकानांत खेळ रचणाऱ्यास विक्रीच्या सत्तर टक्के मिळत आणि तीस टक्के दुकानदार ठेवी. सेवादात्यांच्या मानाने हा वाटा फारच उदार होता. मग इंडियागेम्सचे त्यात वाईट काय झाले? वाईट हे झाले की तिचे जे खास बळ होते तेच निरुपयोगी ठरले. शेकडो फोनांसाठी खेळ बेतण्याचे कसब आणि सेवादात्यांच्या दुकानात दर्शनी जागा मिळवण्याचे हितसंबंध, या दोन खांबांवर घर उभे होते. नव्या दुकानात कोणीही, कोठूनही, एकट्याने खेळ मांडू शकत होता. चिताऱ्यापुढे जशी छापील पाने आली, तसेच हे झाले.

दुसरा फेरबदल पैशाच्या रीतीचा होता. २००९ च्या ऑक्टोबरापासून ॲपलने फुकट दिलेल्या खेळातही आतील वस्तू विकण्याची मुभा दिली. पाहता पाहता खेळ फुकट आणि त्यातील तलवार, बियाणे अथवा जादा जीव विकत, ही पद्धत रूढ झाली. त्यात लाखो खेळाडूंपैकी थोडेच पैसे देतात, आणि त्या थोड्यांच्या पैशांवर सारा डोलारा चालतो. भारतात तर पैसे देणारे त्याहूनही कमी होते आणि मोबाईलवरून पैसे भरण्याची सुलभ सोय तेव्हा झालेली नव्हती. तिसरा बदल नियमांचा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०११ आणि २०१३ च्या जुलै महिन्यांत निर्देश काढून ग्राहकाच्या स्पष्ट, दुहेरी संमतीविना सशुल्क सेवा सुरू करण्यास मनाई केली. चीनमध्ये २००६ साली जे घडले तेच सात वर्षांत आपल्याकडे आले. पूर्वसूचना मिळाली होती. पण शेजारच्या गावात पूर आला म्हणून आपल्या घरातील धान्य माळ्यावर चढवणारे विरळाच.

या संधिकाळातच वॉल्ट डिस्ने कंपनीने २०११-१२ साली यूटीव्ही ताब्यात घेतली आणि तिच्याबरोबर इंडियागेम्सही डिस्नेच्या घरात गेली. गोंडल यांनी काही काळ डिस्नेच्या भारतातील डिजिटल विभागाची धुरा वाहिली आणि २०१३ मध्ये ते बाहेर पडले. डिस्नेस खेळांच्या धंद्यात शिरण्याची त्या काळी घाई झाली होती. २०१० साली तिने अमेरिकेतील प्लेडम ही कंपनी ५६ कोटी डॉलरांहून अधिक किमतीस घेतली होती. परंतु खेळांतून अपेक्षित नफा न आल्याने तिचे धोरण फिरले. मे २०१६ मध्ये 'डिस्ने इन्फिनिटी' हा मोठा खेळ बंद करण्याचे जाहीर झाले, त्याच वर्षाच्या सप्टेंबरअखेरीस प्लेडमने उभा केलेला 'मार्व्हल: अव्हेंजर्स अलायन्स' बंद पडला. स्वतः खेळ रचण्याऐवजी आपली पात्रे इतरांस मोबदल्यावर द्यावीत, असे त्या कंपनीने ठरवले. इंडियागेम्सचे नाव या उलथापालथीत बाजारातून नाहीसे झाले. ना दिवाळखोरीची दवंडी पिटली गेली, ना दारास टाळे लावल्याचे छायाचित्र छापले गेले.

हा अस्त होता काय? गुंतवणूकदारांपुरता विचार केल्यास नव्हे. पैसा घालणारे पहिले लोक चिनी कंपनीस हिस्सा विकून बाहेर पडले. पुढचे मालकही एकमेकांकडे देत गेले. संस्थापकही नव्या उद्योगांत गेले. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने 'पबजी' या खेळावर बंदी घातल्यावर स्वदेशी म्हणून गाजावाजा होऊन २६ जानेवारी २०२१ रोजी 'फौजी' हा जो खेळ प्रसिद्ध झाला, त्यामागेही गोंडल यांचे नाव होते. मग गेले ते काय? आमच्या मते दोन गोष्टी गेल्या. एक, जमलेला कारागीरवर्ग एका छताखाली राहिला नाही. विखुरलेली माणसे अन्य कंपन्यांत गेली आणि त्यांनी तेथे चांगले काम केले हे खरे. पण एकत्र बसून दहा वर्षांत जी तालीम मुरते ती विखुरली. दशावतारी मंडळातील नट चार मंडळांत वाटले गेले तर नट राहतात, मंडळ राहत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःच्या नावाचा, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असा एकही खेळ मागे राहिला नाही. गाजलेली नावे बहुतेक दुसऱ्यांची होती. नायक भाड्याने आणलेले होते. कसब आपले आणि नाव परक्याचे, अशा कामाची मजुरी मिळते, वारसा मिळत नाही.

तुलनेसाठी त्याच सुमारास मुंबईत नीतीश मित्तरसैन यांनी सुरू केलेल्या नझारा या कंपनीकडे पाहता येईल. तीही सेवादात्यांच्या भाटातच वाढली. पण एकाच भाटात सगळे घर न ठेवता तिने लहान-मोठ्या अनेक कंपन्यांत हिस्से घेतले आणि मार्च २०२१ मध्ये ती शेअरबाजारात उतरली. आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेस उडुपीसारख्या लहान शहरातून '९९ गेम्स' या कंपनीने 'धूम ३' चित्रपटाचा खेळ २०१३ साली काढला आणि पुढे स्वयंपाकघराचा स्वतःचा खेळ जगभर पोहोचवला. महानगराबाहेर हे काम होऊ शकते याचा तो पुरावा आहे.

या कथेचे दुसरे पर्व पैसे लावून खेळण्याचे. २००८ साली मुंबईत निघालेल्या ड्रीम-इलेव्हनच्या मूळ कंपनीचे मूल्य २०२१ मध्ये ८०० कोटी डॉलर मानले गेले. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर तिचे नाव झळकले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला. लोकसभेत २० तारखेस, राज्यसभेत २१ तारखेस तो संमत झाला आणि २२ तारखेस राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस त्याने मनाई केली, आणि ड्रीम-इलेव्हनने आपल्या सशुल्क स्पर्धा तत्काळ थांबवल्या. तीन दिवसांत एका उद्योगाचा पाया गेला. या निर्णयाचे गुणदोष काहीही असोत, कर्ज काढून खेळणाऱ्या आणि कुटुंबास देशोधडीस लावणाऱ्या तरुणांच्या व्यथा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना त्याचे कारण समजेल. गोमंतकीयांस तर हा प्रश्न परका नाही. १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ आणि १९९६ साली दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रे आणि जहाजांवर कॅसिनो आले. त्याच कॅसिनो व्यवसायातील डेल्टा कॉर्पने २०१६-१७ साली ऑनलाइन पोकरची कंपनी घेतली, आणि त्याच कंपनीच्या धारगळ येथील भव्य प्रकल्पाच्या प्रस्तावावरून पेडण्यात वाद झडले. मोबाईलचा जुगार आणि धारगळची जमीन यांचा धागा असा एकाच हिशेबाच्या वहीत सापडतो.

शासकीय सेवेत राहिलेल्या माणसाला धोरणांचे कागद वाचण्याची खोड असते. गोवा शासनाने २०१७ साली नवउद्योगांसाठी धोरण आखले. तुये येथे इलेक्ट्रॉनिक उद्योगांची वसाहत योजली. मोपाचा विमानतळ ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्‌घाटित होऊन पुढील महिन्यात सुरू झाला. सवलती, जागा, वीज आणि रस्ते यांचा विचार अशा कागदांत असतो, आणि तो असावाही. परंतु जमीन कोणाची हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. येथे जमीन म्हणजे सर्व्हे नंबर नव्हे. ज्या दुकानातून माल ग्राहकापर्यंत जातो ते दुकान. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलच्या ॲप-दुकानातील देयकाच्या सक्तीबद्दल ९३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये तो २१६ कोटींवर आणला. रक्कम घटली, तरी दुकानदारावर बंधन असावे हे तत्त्व मान्य झाले. मुंडकार कायद्याच्या दिशेने टाकलेले हे पहिले पाऊल आहे, असे आम्ही म्हणू.

तोवर आमच्या तरुणांनी काय करावे? भांडवल घेऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. भांडवलावाचून बीही रुजत नाही. पण ते घेताना देणारा कधी आणि कसा बाहेर पडणार हे आधी विचारावे. एकाच दुकानावर सर्व मदार ठेवू नये. दुसऱ्याची कामे करून पोट भरावे, पण त्यातून थोडा वेळ आणि थोडा पैसा काढून स्वतःच्या नावाची एक तरी वस्तू घडवावी. ती वस्तू आपल्या भाषेत असेल तर अधिक चांगले. दशावतारातला संकासुर, सावंतवाडीची एकशेवीस पाने, पावसाळ्यातली शेते राखणारी गावे, यांवर खेळ रचण्यास कोणास मोबदला द्यावा लागत नाही.

आणि एक मागणी या मंडळाकडे. गोव्याचे पुराभिलेखागार १५९५ पासून कागद सांभाळून आहे, पुण्यात पेशवे दप्तर आहे. परंतु वीस वर्षांपूर्वी आपल्याच मुलांनी रचलेले खेळ आज कोठे पाहावयास मिळणार? ते ज्या फोनांवर चालत ते भंगारात गेले आणि ज्या दुकानांतून विकले जात ती बंद झाली. कागदाला कसर लागते, तरी अर्धे पान वाचता येते. येथे अर्धे पानही उरत नाही. या दोन तालुक्यांतील जी मंडळी त्या काळी अशा कंपन्यांत होती, त्यांच्या आठवणी, कामाच्या वह्या, जुने फोन आणि रेखाटने मंडळाने जमवावीत, आणि एखादा अंक त्यांस वाहावा. त्यांतले बरेच जण अजून चाळिशी-पन्नाशीत आहेत. विचारले तर सांगतील. आणखी वीस वर्षांनी विचारावयास जावे तर, खाणीवरील पहिल्या कामगारांच्या बाबतीत जे झाले तेच होईल. आकडे सापडतील, माणसे सापडणार नाहीत.